बाकी ३.६०

एकतीस वर्षं मी दोन घंट्यांवर गाडी सोडली.
स्वारगेट ते धायरी, धायरी ते स्वारगेट,
दुपारच्या पाळीला सिंहगड रोडचं ऊन मांडीवर घेऊन.
म्हणून सिंगापुरात उतरल्या उतरल्या
हर्षलानं एक कार्ड हातावर ठेवलं आणि म्हणाली,
"बाबा, चढताना लावायचं, उतरतानाही लावायचं,"
तेव्हा हसूच आलं.
मला तिकीट शिकवतेस?

तिकडे बसला कंडक्टर नाही.
दारात खांब, खांबावर डबी,
डबी एकदा टुंग करते, झालं.
कुठे जायचं, किती जण, सुट्टे आहेत का,
कुणी कुणाला विचारत नाही.
मी सवयीनं मागच्या दाराजवळच्या सीटवर.
थांबा जवळ आला की जीभ टाळूला लागायची,
चला आनंदनगर, आनंदनगर उतरून घ्या.
गिळून टाकायचो.

तिसऱ्या आठवड्यात एकटाच भाजीला गेलो.
पडवळ मिळालं. परदेशात पडवळ!
त्या आनंदात उतरलो आणि कार्ड लावायचं राहिलं.
संध्याकाळी हर्षलानं फोनवर हिशेब पाहिला,
शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे कापलेले.
ती चिडली, यंत्रावर.
मी नाही चिडलो.
जो कुठे उतरला ते कुणी पाहिलं नाही
तो शेवटपर्यंत गेला असंच धरायचं.
मीही घेतलेत झोपलेल्यांकडून वडगावच्या पुढचे पैसे,
नियमानं.
एकदा एका मिसरूड न फुटलेल्या हमालाकडूनसुद्धा.

परत आलो. कार्ड पाकिटात, आधार कार्डाला चिकटून.
स्वारगेटला मेट्रोच्या दारात चुकून तेच लावलं.
लाल दिवा. मागे रांग.
तिथला मुलगा म्हणाला, "काका, हे इथलं नाही."
इथलाच आहे रे, म्हणणार होतो,
मग कळलं, तो कार्डाबद्दल बोलतोय.

त्यावर तीन डॉलर साठ सेंट आहेत अजून.
इकडचे सव्वादोनशेच्या वर होतात,
पण इकडे त्यांना कोण विचारतो.

रात्री झोप येईना.
सुट्टे नसले की मी तिकिटाच्या मागे लिहायचो,
बाकी ४, बाकी ७, आणि भोवती गोल.
उतरताना मागून घ्या हं.
निम्मे विसरायचे.
हिंगण्याच्या थांब्यावर एक बाई,
शिलाई मशीनचं मुंडकं कडेवर, पोरासारखं धरलेलं,
आठ रुपये ठेवून उतरल्या.
मी दोरी धरून हाक मारली,
पण गाडी सुटली होती. सोडली मीच होती.
ते आठ डेपोत भरले, जादा म्हणून.
तिचं तिकीट असेल कुठल्याशा बटणांच्या डब्यात,
शाई उडालेली, नुसता गोल राहिलेला.

आणि आता हे माझं तिकीट.
कुणीतरी मागे लिहून दिलेलं,
मी न घेता उतरलेला.

चौथ्या मजल्यावरच्या पोकळ्यांची प्रणाली
कंपनीकडून चालली आहे, चौदा दिवस, तिकडेच.
मी कार्डाच्या मागे कागदाचा तुकडा चिकटवला,
निळ्या पेननं लिहिलं, बाकी ३.६०,
भोवती गोल काढला.
हात अजून तसाच वळतो.
"चढताना लावशीलच," म्हटलं,
"उतरताना विसरू नकोस."
ती म्हणाली, "काका, पण पैसे किती देऊ?"
तोंडातून निघून गेलं,
"सुट्टे असतील तर आठ दे."